न्यूट्रॉनला एका ओळीत गुंडाळू नका

प्रति,
राज्याच्या शालेय विज्ञान पाठ्यपुस्तकांचे लेखन, संपादन आणि परीक्षण करणारे सर्व सदस्य

विषय: न्यूट्रॉनच्या शोधामागचा युक्तिवाद नववीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

‘१९३२ साली जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. हा कण विद्युतप्रभाररहित असून त्याचे वस्तुमान प्रोटॉनइतके असते.’ राज्यातला जवळपास प्रत्येक विद्यार्थी ही दोन वाक्ये पाठ करतो. ढोबळमानाने ती चुकीची नाहीत. पण विद्युतप्रभारच नसलेला, डोळ्यांना न दिसणारा आणि कुठल्याही उपकरणात स्वतःची थेट खूण न सोडणारा कण आहे हे ठरवले कसे, आणि त्याचे वजन केले कोणत्या तराजूत, या प्रश्नांना पुस्तकात उत्तर नाही. ते उत्तर नववीच्या गणिताबाहेरचे नाही, म्हणून हे पत्र.

आठवीत अणूची रचना येते आणि नववीत संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत (टक्करीच्या आधीचा आणि नंतरचा एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, सारखाच राहतो). न्यूट्रॉनचा शोध हा त्या सिद्धांताचा सरळ वापर आहे. तरी दोन्ही पाठांची एकमेकांशी ओळख होत नाही, आणि संवेगाच्या पाठात बंदूक-गोळी व टक्कर झालेल्या गाड्या एवढीच उदाहरणे उरतात. आमची मागणी अशी की नववीच्या त्या पाठाला दोन पानांची जोड द्यावी. त्यात काय असावे ते पुढे सविस्तर मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

आधी प्रयोगाची मांडणी. जर्मनीत बोथे आणि बेकर यांना १९३० मध्ये दिसले होते की पोलोनियमचे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की त्यातून फार भेदक किरण निघतात. ते गॅमा किरण असावेत असे सगळ्यांनी धरले. पॅरिसमध्ये इरेन क्यूरी आणि फ्रेदरिक जोलिओ यांनी या किरणांच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवले, तेव्हा मेणातून वेगवान प्रोटॉन बाहेर पडू लागले. त्यांनी हे जानेवारी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले आणि अर्थ लावला तो असा: गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धक्का देतात तसाच प्रोटॉनलाही देत असावेत. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविक यांनी हा लेख वाचला आणि रदरफोर्ड यांना सांगितला. रदरफोर्ड यांचा त्या स्पष्टीकरणावर विश्वास बसला नाही. विद्युतप्रभार नसलेला जड कण असावा असे त्यांनी स्वतः १९२० च्या व्याख्यानात मांडले होते, आणि चॅडविक मधली बारा वर्षे अधूनमधून त्याच्या मागावर होते. १९३१ मध्ये त्याच प्रयोगशाळेत वेबस्टर यांना आढळले होते की बेरिलियममधून अल्फा कणांच्या दिशेने पुढे जाणारे किरण मागे येणाऱ्या किरणांपेक्षा अधिक भेदक आहेत. गॅमा किरणांच्या बाबतीत या फरकाचे कारण सापडत नव्हते.

चॅडविक यांचे उपकरण टेबलावर मावणारे होते. सुमारे १ सेंटिमीटर व्यासाच्या चांदीच्या चकतीवर पोलोनियमचा थर, त्याच्यासमोर अगदी जवळ २ सेंटिमीटर व्यासाची शुद्ध बेरिलियमची चकती, आणि दोन्ही एका छोट्या निर्वात भांड्यात. निर्वात करण्याचे कारण असे की पोलोनियमच्या अल्फा कणांची ऊर्जा ५.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे एमईव्ही) असते आणि ते हवेत चारेक सेंटिमीटरमध्येच थांबतात. मधल्या हवेत ऊर्जा खर्ची पडली की बेरिलियमपर्यंत पोहोचणारे कण थिटे पडतात. पोलोनियमच का, हेही मुलांना सांगायला हवे. रेडियम वापरले तर त्याच्यासोबतची मूलद्रव्ये बीटा आणि गॅमा किरणांचा एवढा भडिमार करतात की नेमके कोणते किरण बेरिलियममधले, हे ओळखता येत नाही. पोलोनियम जवळपास निव्वळ अल्फा कण देते. त्याचा अर्धायुकाल मात्र १३८ दिवसांचा, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. केंब्रिजला ते मिळाले बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात वापरून संपलेल्या रेडॉनच्या नळ्यांमधून. रेडॉन विरत जाऊन मागे शिसे-२१० उरते आणि त्यापासून हळूहळू पोलोनियम तयार होते. नॉर्मन फेदर यांनी त्या नळ्या केंब्रिजला आणल्या होत्या.

समोर आयनीभवन कक्ष, म्हणजे आत शिरलेल्या कणाने वायूत तयार केलेले विद्युतभारित अणू (आयन) टिपणारी डबी, फक्त १५ मिलिमीटर खोल. त्याला व्हॉल्व्हचा वर्धक आणि ऑसिलोग्राफ जोडलेला. सरकत्या फोटोग्राफिक कागदावर प्रत्येक कणाची स्वतंत्र उसळी उमटे. पॅरिस आणि केंब्रिज यांतला निर्णायक फरक इथे आहे. पॅरिसमध्ये कक्षातला एकूण प्रवाह मोजत होते. तो वाढला एवढे कळे, पण पुष्कळ कणांनी थोडे थोडे आयन केले की थोड्या कणांनी पुष्कळ, हे कळत नसे. केंब्रिजला एकेक उसळी वेगळी दिसे, आणि तिच्या उंचीवरून त्या कणाने किती आयन केले ते काढता येई. शिवाय गॅमा किरणांनी उडवलेला इलेक्ट्रॉन एवढ्या उथळ कक्षात इतके कमी आयन करतो की त्याची उसळी उमटतच नाही, म्हणजे नको असलेली गर्दी आपोआप गाळली जाते. जोलिओ-क्यूरी दांपत्याला ‘चुकलेले’ म्हणून एका वाक्यात निकाली काढणे अन्यायाचे आहे. त्यांचे मापन खरे होते आणि मेण ठेवण्याची कल्पनाही त्यांचीच.

आता आकडे. स्रोत नसताना कक्षात तासाला सुमारे ७ उसळ्या येत. स्रोत ३ सेंटिमीटरवर आणताच मिनिटाला ४ येऊ लागल्या. मध्ये २ सेंटिमीटर जाडीचे शिसे ठेवले तरी संख्या घटली नाही. शिसे काढून २ मिलिमीटर जाडीचे मेण ठेवले, तर संख्या एकदम वाढली. मेण आणि कक्ष यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकेक करून वाढवत नेले, म्हणजे मेणातून उडालेले प्रोटॉन किती दूर जाऊ शकतात ते मिळते. सर्वांत वेगवान प्रोटॉनचा पल्ला हवेत ४० सेंटिमीटर भरला. त्यावरून वेग सेकंदाला ३.३ कोटी मीटर आणि ऊर्जा ५.७ एमईव्ही.

इथून पुढचे विद्यार्थ्यांनी स्वतः करावे अशी आमची कळकळीची विनंती आहे.

समजा धक्का देणारा गॅमा किरणांचा फोटॉन, म्हणजे त्या किरणांतल्या ऊर्जेचा एक कण, आहे. समोरासमोर आपटून तो उलटा परतला तर प्रोटॉनला स्वतःच्या संवेगाच्या जास्तीत जास्त दुप्पट संवेग देऊ शकतो. ५.७ एमईव्ही ऊर्जेच्या प्रोटॉनचा संवेग, वस्तुमान आणि संवेगही ऊर्जेच्याच एककात मोजून आणि प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ एमईव्ही धरून, √(२ × ९३८ × ५.७) म्हणजे १०३ येतो. त्याचा निम्मा ५२. धडकेत फोटॉनची थोडी ऊर्जा खर्च होते तीही धरली तर फोटॉन ५५ एमईव्हीचा हवा. पण अल्फा कण बेरिलियममध्ये पूर्ण शोषला जाऊन कार्बन-१३ तयार झाला, आणि सगळी ऊर्जा एकाच फोटॉनला मिळाली, तरी ती १४ एमईव्हीच्या आसपासच भरते. खिशात चौदा आणि खर्च पंचावन्न.

एवढ्यावर थांबले असते तर कोणी म्हणाले असते, मापन चुकले असेल. म्हणून चॅडविक यांनी लक्ष्य बदलले. मेणाऐवजी नायट्रोजन. तोच ५५ एमईव्हीचा फोटॉन नायट्रोजनच्या केंद्रकाला जास्तीत जास्त ०.४६ एमईव्ही देऊ शकतो, आणि तेवढ्यात दहा-तेरा हजार आयन तयार होतील. प्रत्यक्षात काही उसळ्यांमध्ये किमान ३०,००० आयन दिसले. फेदर यांनी मेघकक्षात (कणाचा मार्ग बाष्पाच्या थेंबांच्या रेघेने दाखवणाऱ्या उपकरणात) नायट्रोजनच्या केंद्रकांचे मार्ग मोजले तेव्हा ते साडेतीन मिलिमीटरपर्यंत लांब निघाले. त्यावरून वेग सेकंदाला ४७ लाख मीटर. म्हणजे नायट्रोजनसाठी फोटॉनची ऊर्जा शंभर एमईव्हीच्या घरात न्यावी लागते. स्रोत तोच, किरण तेच, आणि लक्ष्य जड होत जाईल तशी फोटॉनची ऊर्जा वाढवत न्यायची, हे कसे चालेल? हेलियम, लिथियम, कार्बन, आर्गॉन अशी इतर लक्ष्येही त्यांनी घेतली, आणि प्रत्येक वेळी फोटॉनचा हिशेब फसला.

मग दुसरी शक्यता. धक्का देणारा कण जड आहे. त्याचे वस्तुमान क, वेग व. स्थिर असलेल्या ल वस्तुमानाच्या लक्ष्यावर तो सरळ आदळला तर लक्ष्याला वेग मिळतो:

२क ÷ (क + ल) × व

आपल्याला क माहीत नाही आणि व-ही माहीत नाही. पण लक्ष्ये दोन आहेत. प्रोटॉनसाठी ल = १, नायट्रोजनसाठी ल = १४. दोन वेगांचे गुणोत्तर घेतले की व उडून जातो:

(क + १४) ÷ (क + १) = ३.३ कोटी ÷ ४७ लाख = ७.०२

क + १४ = ७.०२क + ७.०२, म्हणून ६.९८ = ६.०२क, आणि क = १.१६. कण प्रोटॉनच्या वजनाचा आहे. लोखंडी तराजू नाही, चुंबकीय क्षेत्र नाही. एका समीकरणात न्यूट्रॉनचे वजन झाले. चॅडविक यांनी १.१५ लिहिले. त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र पाठवले १७ फेब्रुवारी १९३२ रोजी, आणि ते २७ फेब्रुवारीला छापून आले. शीर्षकात ‘संभाव्य अस्तित्व’ असे सावध शब्द होते. सविस्तर शोधनिबंध त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात आला, त्यात ‘संभाव्य’ गळला होता. नोबेल १९३५ चे.

त्रुटी कुठून येते हेही त्याच पानावर दाखवा. नायट्रोजनच्या वेगात दहा टक्के इकडेतिकडे होणे सहज शक्य होते, कारण जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा मार्ग मोजून वेग काढायचा होता. ४७ लाखांऐवजी ४२.३ लाख घेतले तर क = ०.९१ येतो. ५१.७ लाख घेतले तर १.४२. विद्यार्थ्याने हे दोन्ही हिशेब केले की ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणजे काय ते त्याला व्याख्येशिवाय कळते. चॅडविक यांनाही ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी बोरॉनवर अल्फा कण सोडून ऊर्जेच्या ताळेबंदातून वस्तुमान पुन्हा काढले. ते अणुवस्तुमानाच्या एककात १.००६७ आले.

या १.००६७ ने मात्र एक गैरसमज जन्माला घातला, आणि तो आपल्याकडच्या काही गाइडांत आजही टिकून आहे. हे मूल्य हायड्रोजन अणूच्या १.००७८ पेक्षा कमी. म्हणून न्यूट्रॉन म्हणजे घट्ट चिकटलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, असे खुद्द चॅडविक यांना सुरुवातीला वाटले. १९३४ मध्ये मॉरिस गोल्डहाबर यांच्यासोबत त्यांनी थोरियमच्या विघटनसाखळीतल्या २.६२ एमईव्हीच्या गॅमा किरणांनी ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनचे) एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेले केंद्रक फोडले, आणि त्यावरून दिसले की न्यूट्रॉन हायड्रोजन अणूपेक्षा जड आहे. आजचे मूल्य १.००८६६५. बांधला गेलेला जोड त्याच्या सुट्या घटकांपेक्षा हलका असतो. न्यूट्रॉन तर जड निघाला, म्हणजे तो जोड नव्हे. दुसरा पुरावाही होताच. नायट्रोजन-१४ च्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन धरले तर एकूण २१ कण, विषम, आणि त्याचा स्पिन (कणाचा अंगभूत फिरकीसारखा गुणधर्म, यांतल्या प्रत्येक कणाचा अर्धा) अपूर्णांकी यायला हवा. तो पूर्णांकी आहे. ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन धरले की १४, आणि मेळ बसतो. ‘न्यूट्रॉन = प्रोटॉन + इलेक्ट्रॉन’ हे वाक्य कुठेही राहू नये, आणि ‘वस्तुमान प्रोटॉनइतके’ याच्या जागी ‘प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्का अधिक’ असे यावे. हा किंचित फरकच सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत विरून जाण्याचे कारण आहे. वरच्या वर्गात बीटा ऱ्हास शिकताना विद्यार्थ्याला त्याची गरज पडते.

प्रयोगाबद्दल. शाळेत किरणोत्सारी स्रोत आणण्याचा विचारही करू नये. कायद्याने आणि शहाणपणाने दोन्ही तो नाकारलेला आहे. पण युक्तिवादाचा प्रयोग कॅरमबोर्डावर पूर्ण करता येतो. लागते एवढेच: बोर्ड, १५ ग्रॅमचा स्ट्रायकर, चार सोंगट्या, रबर, फूटपट्टी, प्रयोगशाळेतला तराजू. सोंगटी साधारण ५ ग्रॅमची असते, पण प्रत्येक वजन करून घ्यावी. तीन सोंगट्या एकावर एक डिंकाने नीट चिकटवून १५ ग्रॅमची चळत करावी. हलके लक्ष्य एक सोंगटी, जड लक्ष्य ही चळत. दोन्हींचा तळ एकाच लाकडाचा असल्याने घर्षण सारखे राहते, म्हणून जड लक्ष्यासाठी वेगळी वस्तू घेऊ नये. बोर्डाच्या एका बाजूला दोन खुंट्यांमध्ये रबर ताणून, स्ट्रायकर दरवेळी त्याच खुणेपर्यंत मागे ओढून सोडावा. पहिले काही फटके धरू नयेत, रबर सैलावून स्थिर व्हायला वेळ घेते. ताण एवढाच ठेवावा की एकटी सोंगटी समोरच्या कडेला न लागता थांबेल.

लक्ष्य किती सेंटिमीटर घसरले ते मोजायचे. घर्षण सारखे असल्यास अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून अंतरांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजे वेगांचे गुणोत्तर. सूत्र वरचेच: (क + १५) ÷ (क + ५). स्ट्रायकर १५ ग्रॅमचा असेल तर हे १.५ यावे, म्हणजे सोंगटी ४५ सेंटिमीटर गेली तर चळत २० सेंटिमीटरच्या आसपास. विद्यार्थ्यांना स्ट्रायकरचे वजन आधी सांगू नये. त्यांनी ते या दोन अंतरांवरून काढावे आणि शेवटी तराजूवर ताडून पाहावे.

काय बिघडते ते शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत स्पष्ट यायला हवे. फटका तिरका बसला की लक्ष्याला कमी वेग मिळतो. म्हणून प्रत्येक लक्ष्यासाठी वीसेक फटके घ्यावेत आणि सरासरी न काढता सरळ रेषेत गेलेल्या फटक्यांतले सर्वांत मोठे अंतर धरावे. चॅडविक यांनी नेमके हेच केले, कमाल पल्ला मोजला, कारण कमाल पल्लाच समोरासमोरच्या धडकेचा असतो. पावडर एकीकडे जास्त पडली तर अंतरे खोटी येतात. ती कपड्याने सारखी पसरावी किंवा पूर्ण पुसून टाकावी. चळत डोलली तर तो फटका सोडून द्यावा. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक नसते, म्हणजे तीत थोडी ऊर्जा वाया जाते, ही शंका हुशार विद्यार्थी काढतील. दोन्ही लक्ष्ये एकाच लाकडाची असल्याने ती घट दोन्हीकडे जवळपास सारखी असते आणि गुणोत्तरात बरीचशी निघून जाते. गुणोत्तरात दहा टक्के चूक झाली तर उत्तर १५ ऐवजी १०.४ किंवा २३.६ येईल. हे अपयश समजून गुण कापू नयेत.

आणि एक निरीक्षण हमखास करवून घ्यावे. सोंगटीवर आदळलेला स्ट्रायकर पुढे सरकत राहतो, पण चळतीवर आदळल्यावर जवळपास जागीच थबकतो. सारख्या वजनाच्या लक्ष्याला तो आपली जवळजवळ सगळी ऊर्जा देऊन टाकतो. न्यूट्रॉन २ सेंटिमीटर शिशातून आरपार जातो आणि मेणात ऊर्जा गमावतो, ते याचमुळे. समोरासमोरच्या एका धडकेत न्यूट्रॉन शिशाच्या केंद्रकाला दोन टक्क्यांहून कमी ऊर्जा देतो, नायट्रोजनला २५ टक्के, हायड्रोजनला जवळपास पूर्ण. ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी पाण्याच्या तलावात बुडवलेली होती, आणि न्यूट्रॉनचा वेग कमी करायला तिथे तेच पाणी वापरले होते. पाण्यात हायड्रोजन आहे. अणुभट्टीच्या पाठात ‘मंदायक’ (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ) हा शब्द येतो त्याच ठिकाणी या धडकेचा उल्लेख केला, तर तो शब्द पाठ करावा लागणार नाही.

चॅडविक यांच्या चरित्राला चार-पाच ओळी पुरेत, पण त्या जन्म-मृत्यूच्या सनावळीत खर्चू नयेत. बॉलिंग्टन या इंग्लंडमधल्या गावात १८९१ मध्ये जन्मलेला हा लाजाळू मुलगा मँचेस्टरला गणित शिकायला गेला होता. प्रवेशाच्या वेळी चुकून भौतिकशास्त्राच्या रांगेत बसला आणि संकोचाने काही बोलला नाही. १९१४ मध्ये बर्लिनला गायगर यांच्याकडे काम करताना बीटा किरणांची ऊर्जा ठरावीक नसून सलग पसरलेली असते हे त्याने दाखवले. त्या एका निरीक्षणातून पुढे न्यूट्रिनोची, म्हणजे उरलेली ऊर्जा घेऊन जाणाऱ्या प्रभाररहित, अतिशय हलक्या कणाची कल्पना निघाली. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश नागरिक म्हणून त्याला रुहलेबेन येथे, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरच्या तबेल्यांत, युद्ध संपेपर्यंत डांबून ठेवले. तिथेही त्याने बाजारात मिळणाऱ्या, थोरियम असलेल्या टूथपेस्टचा किरणोत्सारी स्रोत म्हणून उपयोग करून प्रयोग चालू ठेवले. आठवी-नववीच्या वयाला हे नक्की भिडेल.

परीक्षेबद्दल शेवटचे. ‘न्यूट्रॉनचा शोध कोणी लावला?’ हा एका गुणाचा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी तीन गुणांसाठी असा प्रश्न द्यावा: ‘एक अज्ञात कण स्थिर हायड्रोजन केंद्रकावर (वस्तुमान १) आणि स्थिर हेलियम केंद्रकावर (वस्तुमान ४) समान वेगाने सरळ आदळतो. हायड्रोजनला मिळालेला कमाल वेग हेलियमला मिळालेल्या वेगाच्या २.५ पट आहे. अज्ञात कणाचे वस्तुमान काढा. हेलियमचा वेग मोजण्यात ५ टक्के चूक झाली असेल, तर उत्तरात किती फरक पडेल?’ पहिल्या भागाचे उत्तर १ येते. दुसऱ्या भागात वेग ५ टक्के कमी मोजला गेला तर ०.८४ आणि ५ टक्के जास्त मोजला गेला तर १.१७. आकडेमोड दाखवणाऱ्याला उत्तर थोडे चुकले तरी दोन गुण मिळावेत.

आपले स्नेहांकित,
भौतिकशास्त्राचे काही अध्यापक